भाकऱ्या आधी थापा, मग सगळे मिळून जेवायला बसा

वाचकाचं पत्र

ताई, आम्ही औसा तालुक्यातले. मालकांचं वय ४६. आधी शेती बघायचे, आता बरीच वर्षं खत-बियाणांचं दुकान आहे, दिवसभर गल्ल्यावर बसून असतात. वजन ८४ किलो झालंय. गेल्या महिन्यात रक्त तपासलं तर उपाशीपोटी साखर ११४ आणि तीन महिन्यांची ६.१ आली. डॉक्टर म्हणाले, गोळी नको, पण खाणं आवरा, अर्धं ताट भाज्यांचं करा. दुकानातल्या पोरानं मोबाइलवर एक डाएट चार्ट आणून दिला. त्यात ओट्स, किनोआ, ब्रोकोली, ऑलिव्ह तेल. लातूरला जाऊन सगळं आणलं. आठवडाभर खाल्लं आणि एक दिवस ताट सरकवून उठले. आता दुपारी भीतीनं एकच भाकरी खातात आणि रात्री दुकान बंद करून आले की चार. घरात पाच माणसं, मामा (सासरे) अजून रोज शेतात जातात, म्हणून मी दोन-दोन स्वयंपाक करते. आत्याबाई (सासूबाई) म्हणतात, माझ्या लेकराला उपाशी मारायलीस. ज्वारीनं साखर वाढत नाही म्हणतात, मग भाकरी कमी कशाला करायची? आणि उन्हाळ्यात अर्ध्या ताटाचं माळवं आणायचं कुठून? सगळ्यांचं झाल्यावर मी जेवते तोवर दहा वाजतात, कालवण उरलेलं नसतं, चटणी-भाकरी खाऊन घेते. माझंही रक्त कमी आहे, ९.४, पण ते नंतर बघू. आधी ह्यांचं सांगा. (नाव छापू नका.)

उत्तर

ताई,

आधी रिपोर्टचं बोलू. उपाशीपोटी साखर १०० ते १२५ आणि तीन महिन्यांची सरासरी ५.७ ते ६.४ ह्या दरम्यान आली, की मधुमेह अजून झालेला नसतो, पण जवळ आलेला असतो. इथून मागं फिरता येतं. अमेरिकेत अशाच तीन हजारांहून अधिक माणसांवर एक मोठा अभ्यास झाला, २००२ साली तो प्रसिद्ध झाला. त्यातल्या एका गटाला दोनच गोष्टी सांगितल्या होत्या: वजन ७ टक्के उतरवा आणि आठवड्याला दीडशे मिनिटं अंग हलवा. काहीच न बदललेल्या गटापेक्षा ह्या गटात मधुमेह होणाऱ्यांचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी राहिलं. ८४ किलोचे ७ टक्के म्हणजे सहा किलो. तुमच्या मालकांना पंचविशीतलं वजन गाठायचं नाहीये, ७८ वर आणायचंय. तेही सावकाश.

तो चार्ट फाडून टाका म्हणणार नाही, पण त्यासाठी लातूरच्या खेपा थांबवा. ओट्स हेही शेवटी धान्यच आहे, आणि ऑलिव्हच्या एका चमच्यात आपल्या करडईच्या तेलाइतक्याच कॅलरी असतात.

आता ज्वारी. ज्वारीनं साखर वाढत नाही, हे आपल्याकडे इतक्या खात्रीनं सांगतात की मधुमेहाची माणसंही निर्धास्तपणे तिसरी भाकरी मागून घेतात. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण ७० ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतात, म्हणजे ज्याची साखर होते तेच. जोडीला दहाएक ग्रॅम प्रथिनं आणि जवळपास तेवढाच चोथा. ह्या चोथ्यामुळे ती साखर मैद्यापेक्षा किंवा पांढऱ्या भातापेक्षा हळू रक्तात उतरते. हळू उतरते, पण उतरतेच. म्हणून भाकरी सोडायची नाही, मोजायची. दुकानात वजनकाटा आहेच. एकदा घरी आणा आणि तुम्ही एका भाकरीला घेता तेवढं पीठ त्यावर ठेवा. आपल्या भागातली ताटभर भाकरी सहज ९० ते १०० ग्रॅम पिठाची होते.

हा आकडा का हवा ते सांगते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली भारतीयांच्या आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. २००० कॅलरीच्या दिवसाला त्यांनी कच्च्या जिनसांची मापं दिली आहेत: धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५, भाज्या ४००, फळं १००, शेंगदाणे-तीळ-जवस असल्या तेलबिया आणि सुकामेवा मिळून ३५, तेल-तूप २७ ग्रॅम आणि दूध-दही ३०० मिली. आता मालकांच्या रात्रीच्या चार भाकऱ्या धरा. ९० ग्रॅमच्या असल्या तरी ३६० ग्रॅम पीठ. त्या दिवसाचं धान्य तर संपलंच, दुसऱ्या दिवसाचंही जवळजवळ निम्मं एका बैठकीत गेलं. औतामागं चालायचे तेव्हा ते जिरत होतं. मामांना आजही जिरतं. गल्ल्यावर बसून जिरत नाही, त्यात भाकरीचा काय दोष?

पण मला तुमच्या पत्रात सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते वेगळंच वाक्य. 'सगळ्यांचं झाल्यावर मी जेवते.' म्हणजे तुमच्याकडे भाकरी तव्यावरून सरळ ताटात पडते. तुम्ही गॅसपुढे थापत उभ्या, ते बसलेले. एक संपत आली की दुसरी फुगलेली तयार. ताटात कालवण उरलं म्हणून अर्धी भाकरी, मग भाकरी उरली म्हणून पळीभर कालवण, पुन्हा कालवण उरलं. भूक आहे का, हे मधे कुणी विचारतच नाही. पोट भरल्याची जाणीव व्हायला पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि गरम भाकऱ्या त्याच्या आत चार खाऊन होतात. गरम भाकरी वाढणं म्हणजे माया, हे मला पटतं. मीही तसंच जेवून मोठी झाले. पण ह्या एका पद्धतीनं तुमच्या घरात दोन माणसांची तब्येत बिघडवली आहे: जो बसून खातो त्याची आणि जी उभं राहून थापते तिची.

तेव्हा माझा सल्ला मुळात एवढाच आहे. सगळ्या भाकऱ्या आधी थापून घ्या, फडक्यात गुंडाळून दुरडीत ठेवा, आणि मग पाचही जण एकदम बसा. तुम्हीसुद्धा. ज्वारीची भाकरी आपण शिळी आवडीनं खातो, तर अर्ध्या तासानं तिचं काही बिघडत नाही. गोळा लहान घ्या, ६० ते ६५ ग्रॅमचा. पहिले दोन-तीन दिवस काट्यावर, मग हातालाच माप बसेल. मालकांना सुरुवातीला दुपारी दोन आणि रात्री दोन. अंगवळणी पडलं की रात्रीची अर्धी कमी करा. मामांना त्याच दुरडीतून चार किंवा पाच, त्यांचं कष्टाचं अंग आहे, त्यांना अडवू नका. स्वयंपाक एकच, ताटं वेगवेगळी. दोन चुली मांडायची गरजच नाही.

आणि दुपारी त्यांना घाबरून खाऊ देऊ नका. रात्रीच्या चार भाकऱ्या ह्या दुपारच्या एका भाकरीतून आलेल्या आहेत. डबा भरून द्या. संध्याकाळी पाचच्या सुमाराला मूठभर फुटाणे तोंडात टाकायला सांगा, मग रात्री घरात पाऊल टाकताना पोटात आग पडलेली नसेल. जेवायला बसल्यावर आधी भाजी आणि कच्चं काय असेल ते, मग डाळ, आणि त्यानंतर भाकरीला हात. जेवण तेच असलं, तरी भाजी-डाळ आधी पोटात गेली की जेवणानंतरची साखर कमी चढते.

भाकरी कमी केली तर ताटात काय वाढवायचं? पहिल्यांदा डाळ. गंमत बघा, तूर आपल्या रानात पिकते, लातूरच्या डाळ मिलमधून कुठं कुठं डाळ जाते, आणि आपल्याच ताटातलं वरण मात्र असं की वाटीचा तळ दिसावा. पाच माणसांना दिवसाला सव्वाचारशे ग्रॅम डाळी-कडधान्यं लागतात. दोन्ही वेळचं मिळून तुम्ही कुकरला किती लावता ते एकदा काट्यावर बघा. अर्ध्याच्या आसपास निघेल असा माझा अंदाज आहे. वरण घट्ट करा, इतकं की पळीतून धारेनं न पडता लोळत पडावं. रोज तूर परवडत नसेल तर मटकीची उसळ, हुलग्याचे शेंगोळे, अंबाडीच्या भाजीत मूठभर जास्त डाळ. पिठलंही चालेल, पण ते डाळीच्या हिशेबात धरायचं. ते केलं म्हणजे भाजी झाली असं नाही. येसर आमटी चवीला अव्वल, मलाही सोडवत नाही, पण तिच्यात डाळ नावालाच असते. तिच्यासोबत एखादी उसळ हवीच. अंडी खात असाल तर उत्तम, एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं. मटणाचा वार असेल त्या दिवशी फोडी खाव्या, रस्सा वाटीभर. रश्श्यात कुस्करलेल्या भाकऱ्या मोजायला कुणी बसत नाही, नेमक्या तिथंच त्या वाढतात.

शेंगदाण्याची, कारळाची, जवसाची चटणी ही आपली तेलबियांची रोजची खुराक आहे. चांगली आहे, दोन चमचे जरूर घ्या. फक्त तीवर वरून तेल ओतायची सवय सोडा. तेलाचा हिशेब ताटात करत बसू नका, डब्यावर करा. माणशी २७ ग्रॅम म्हणजे महिन्याला साधारण ८०० ग्रॅम, पाच जणांना चार किलो, आणि त्यात तूपही आलं. पंधरा किलोचा डबा साडेतीन महिन्यांहून थोडा जास्त टिकायला हवा. तुमचा किती टिकतो?

आता माळव्याचं. माणशी ४०० ग्रॅम म्हणजे घराला रोज दोन किलो. ऐकून धसका बसला असेल. ज्या जिल्ह्याला २०१६ साली रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथल्या बाईला एप्रिल-मेमध्ये अर्धं ताट भाजीनं भरा म्हणून सांगणं सोपं आहे, भरणं सोपं नाही. डॉक्टरांना हे सुचलं नसेल, त्यांची चूक नाही. म्हणून हंगाम धरून चालू. हिवाळ्यात मेथी, पालक, चाकवत, शेपू, करडईची भाजी, हरभऱ्याचा पाला, ह्यांना तोटा नसतो. तेव्हा सढळ हातानं करा, दोन भाज्या करा, आणि हरभऱ्याचा पाला वाळवून डबा भरून ठेवा. पावसाळ्यात तांदुळजा, चिघळ, पाथरी बांधावर फुकट उगवतात. मात्र तणनाशक मारलेल्या रानातली भाजी अजिबात घ्यायची नाही. कुणाच्या रानात काय मारलंय, हे गावात तुमच्या मालकांइतकं कुणाला माहीत असणार?

उन्हाळ्यात दोडका, दुधी, गवार, शेवग्याच्या शेंगा, काकडी जे मिळेल ते, आणि कांदा. होय, कच्चा कांदा भाजीतच धरायचा. ताटात फोडलेला अख्खा कांदा असला तर तेवढी भाजी झाली. बटाटा मात्र धान्याच्या बाजूला जातो, त्याचा रस्सा केला त्या दिवशी भाकरी अर्धी कमी. विहिरीजवळ किंवा मोरीच्या पाण्यावर शेवग्याचं एक झाड लावा. शेंगा नसतील तेव्हा पाला आहे, आणि हे झाड पाण्यासाठी रडत नाही. एवढं करूनही मे महिन्यात अर्धं ताट भरलं नाही, तर मोड आलेल्या कडधान्यानं उरलेली जागा भरा आणि भाकरी वाढवू नका. पुस्तकातलं ताट नसेल ते, पण साखरेला चालेल.

आणि आपल्याकडे असं ताट कधी नव्हतंच, असंही नाही. येळवस, म्हणजे शेतात जाऊन साजरी करायची वेळ अमावास्या, आठवा. त्या दिवशी भज्जीत काय काय पडतं: हरभऱ्याचे सोलाणे, तुरीचे ओले दाणे, वाटाणा, वाल, ओल्या शेंगा, मेथी, कांद्याची पात, हाताला येईल तो पाला, आणि सगळ्याला डाळीचं पीठ लावून चिंचेची चव. बाजरीचा उंडा हाताएवढा आणि भज्जी ताटभर. शेजारी आंबिलाचा तांब्या. गव्हाची खीर आणि तिळाची पोळी बाजूला ठेवली (त्या दिवशी ठेवू नका, सणच आहे), तर भाजी-डाळ जास्त आणि धान्य कमी हे प्रमाण आपल्या आज्यांनी शेतात बसवलेलं आहे. तेच आठवड्यातून दोनदा घरी करा. ओले दाणे नसतील तेव्हा मोडाची मटकी आणि वाटाणा, असेल ती पालेभाजी, वरून डाळीचं पीठ. पोटभर, एका पातेल्यात आणि पाचही जणांना एकच. डॉक्टरांचं अर्धं ताट आत्याबाईंना समजावायचं असेल तर 'डाएट' म्हणू नका, आज येळवशीची भज्जी केली म्हणा.

आत्याबाईंचा राग मला समजतो. त्यांनी दुष्काळ बघितलेत. लेकाच्या ताटात भाकरी कमी दिसली की त्यांना आधी ते आठवत असणार. त्यांच्याशी वाद घालून तुम्ही जिंकणार नाही, जिंकूही नये. वाढायचं काम त्यांच्याकडे द्या. भाकऱ्या ज्याच्या त्याच्या ताटात आधीच ठेवलेल्या, आणि भाजीचं भांडं, वरणाचं ओगराळं, ताकाचा तांब्या त्यांच्या हाताशी. आग्रह करायचा तो माळव्याचा, वरणाचा, ताकाचा करू द्या, हवा तेवढा. उपाशी मारतेस हे त्या म्हणणार नाहीत, कारण वाढणाऱ्या त्याच असतील.

दुकानातल्या चहाकडे तुमचं लक्ष नाही, पण माझं आहे. गिऱ्हाईक आलं की चहा, कंपनीचा माणूस आला की चहा. कपात दोन छोटे चमचे साखर म्हणजे ८ ते १० ग्रॅम, आणि असे सहा कप झाले तर पन्नासच्या आसपास किंवा वर. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. गिऱ्हाइकाला चहा पाजा, स्वतः दोनदाच घ्या, अर्ध्या साखरेचा. चहा सोबत येणारी भजी आणि बिस्किटं ह्यांबद्दल वेगळं लिहीत नाही, तुम्हाला कळतंय.

उपवासाचंही तसंच. 'एकादशी, दुप्पट खाशी' हे आपल्याच लोकांनी म्हणून ठेवलंय. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात प्रथिनं नाहीत म्हटलं तरी चालेल, आणि त्याला वरून तूप आणि बटाटा. भगर थोडी आणि दाण्याची आमटी वाटीभर, दही, एखादा पेरू, एवढ्यावर एकादशी निभावते. पुढेमागे गोळ्या सुरू झाल्याच, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास नको.

भात, पुरणपोळी, लग्नाची पंगत काहीच बंद नाही. भात घेतला तर वाटीभर, आणि त्या वेळची एक भाकरी कमी. मीठ मात्र दिवसाला माणशी पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर. लोणचं, पापड आणि ठेचा रोज तिन्ही लागत असतील तर त्यांचे वार वाटून घ्या.

आता ते 'नंतर बघू'. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असलं की त्याला रक्तक्षय म्हणतात, आणि ८ ते १०.९ हा मध्यम प्रकार. तुमचं ९.४ आहे. मालकांचा रिपोर्ट अजून सीमेवर आहे, ताई, तुमचा सीमेच्या बराच आत गेलाय, आणि तुम्ही तो पत्राच्या शेवटच्या ओळीत लिहिलात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आढळला. ह्याचं कारण सगळं ताटात नसतं, पण तुमच्या बाबतीत बरंचसं ताटात दिसतंय. डाळ संपलेली, भाजी संपलेली, रात्री दहाला चटणी-भाकरी आणि वरून थकवा जावा म्हणून चहा. जेवणाच्या अलीकडे-पलीकडे तासभर चहा घेऊ नका, त्यानं अन्नातलं लोह अंगी लागत नाही. डाळीवर, पालेभाजीवर लिंबू पिळा, त्यानं लागतं. पण ९.४ नुसत्या पालेभाजीनं वर येईल अशी आशा धरू नका. लोहाच्या गोळ्या लागतील, त्या चहा-दुधासोबत घेऊ नका. आणि रक्त कमी का होतंय, पाळीत जास्त जातंय का, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. गोळ्या घेताना शौचाला काळी होते, घाबरून बंद करू नका.

सोबत बसून जेवायचं मी सांगितलं ते मालकांच्या भाकऱ्या मोजायला, आणि तेवढंच तुमच्या वाटीत डाळ पडावी म्हणूनही. तुमच्या वाट्याची भाजी आणि वरण वाढायच्या आधी तुमच्या ताटात काढलेलं असू दे. 'उरलं तर' ह्यावर जेवू नका.

मालकांची तीन महिन्यांची तपासणी तीन महिन्यांनीच पुन्हा करायची, त्याआधी केली तर तो आकडा फारसा काही सांगत नाही. मधे फक्त वजन बघा, महिन्याला दीड-दोन किलो उतरलं तरी पुष्कळ. तुमचं मात्र तीन महिने थांबायचं नाही. ह्याच आठवड्यात दोघं मिळून दवाखान्यात जा, आणि केसपेपर दोन काढा.